मास्तरांचा हात

गुरुवार, दुपार

ताई,

तुला पत्र लिहायचं मी किती दिवस टाळतेय ते सांगता येणार नाही, कारण मलाच धड आठवत नाही. बाबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडाच्या नुसत्या काटक्या होत्या. आता त्याला पानं फुटून ती धुळीनं माखलीसुद्धा. रोज विचारतात, "टाकलंस का गं पत्र?" रोज मी म्हणते, "टाकते." यात खोटं काही नाही. केव्हा टाकते ते कुठं म्हटलंय?

पत्ता मावशीनं दिला. नाक मुरडत दिला आणि वर "मी दिला म्हणून सांगू नकोस" असंही म्हणाली. म्हणून सांगते, मावशीनं दिला. तू म्हणे दातांच्या कारखान्यात असतेस, लोकांच्या कवळ्या घासतेस. मी खूप हसले. मग हसू गेलं. म्हणजे तिकडेही काम तुझं, तोंड दुसऱ्याचं आणि पाटीवर नाव तिसऱ्याचं.

बाबांचा निरोप आधी देऊन टाकते, म्हणजे सुटले. शनिवार-रविवारी शहरात पेनवाल्यांचा मेळावा आहे, दर वर्षीचाच, आणि आम्ही नेहमीच्याच लॉजवर उतरतोय. यंदा बाबांना मानाची ढाल देणार आहेत. पण ढाल देण्याआधी त्यांनी व्यासपीठावर बसून, सगळ्यांदेखत, एक निब लिहिणाऱ्याच्या हाताला जुळेल अशी घासून दाखवायची आहे. ही कल्पना जज्जसाहेबांची. ते यंदा मेळाव्याचे अध्यक्ष आहेत. आठवतात ना, हिरव्या पेनाचे जज्जसाहेब? निवृत्त झालेत, आता पेनांचे निकाल लावतात. त्यांनी बाबांना न विचारता फलकही छापले. वर बाबांचा फोटो, खाली "मास्तरांचा हात : प्रत्यक्ष पाहा". बाबांनी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "हो हो, त्यात काय!"

त्यात काय ते तुला, मला आणि त्यांना माहीत आहे.

तर निरोप असा. तू शनिवारी संध्याकाळी लॉजवर ये. प्रात्यक्षिकाचं पेन शनिवारीच आमच्या हातात पडेल. तू ते घासून ठेव. रविवारी बाबा चाक फिरवतील, निब चाकाच्या आसपास नेल्यासारखी करतील आणि लोकांना जे वाटायचं ते वाटेल. मग तू जा. "आणि तिला सांग," बाबा म्हणाले, "मागचं मी काही काढणार नाही." ऐकलंस? ते मागचं काढणार नाहीत! चोरानं घरमालकाला माफ करावं, तसं.

तू गेलीस तेव्हा मी नव्हते. सफरचंदांच्या पेट्या भरत होते की होडीवर तिकिटं फाडत होते? होडीच असणार, कारण मावशीचा फोन आला तेव्हा माझे पाय ओले होते. होडीवर एक म्हातारा खलाशी होता, त्याला पोहता येत नव्हतं. "पोहता येणारे काठावरच राहतात," म्हणायचा. असो. कुठून कुठं गेले बघ.

मला जे कळलंय ते सगळं मावशीकडून. तू बाबांना म्हणालीस, निबेच्या पोटाला, जिथं ती शाई आणणाऱ्या जिभलीनं झाकली जाते तिथं, मला एक बारीक रेघ ओढू द्या. माझी खूण. पेन उघडल्याशिवाय कुणाला दिसायची नाही. आणि बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक माझ्या हाताकडे येतं." कुणी कधी बघणार नाही अशा जागीसुद्धा तू नकोस! मी असते तर चाकच त्यांच्या अंगावर फेकलं असतं. पण मी नव्हते. मी कधीच नसते. उगाच नाही घरात मला भिंगरी म्हणत.

आता ही भिंगरी तीन खोल्यांत फिरते. तू गेलीस आणि म्हातारा माझ्या पदरात पडला. हे मी तुला माफ केलेलं नाही, तेवढं लक्षात ठेव. तू घासून ठेवलेल्या निबा होत्या तोवर त्यांनी दुकान रेटलं. मग "डोळ्यांना त्रास होतो" म्हणून लोकांना परत पाठवू लागले. हात इतका हलतो की चहा बशीतच जास्त असतो.

मला काय हवंय ते उघड सांगते. त्यांनी एकदा, एकदाच, त्या सगळ्या लोकांसमोर म्हणावं की हे काम माझं नाही, माझ्या मोठ्या लेकीचं. बस. आणि तू आलीस तर ते कधीच म्हणणार नाहीत, कारण तू पुन्हा वाचवशील त्यांना. तू तशीच आहेस.

म्हणून हे पत्र मी टाकणार नाहीये. पण लिहितेय. असंच.


शनिवार, दुपारचा चहा झाल्यावर

सभागृहात बसलेय. टेबलाखाली पाय पसरून. बाबा पलीकडे माणसांच्या गराड्यात आहेत.

तू इतकी वर्षं लॉजच्या खोलीत पडदे ओढून बसायचीस, तर तू हे बघितलंयस का कधी नीट? मला वाटतं नाही. ऐक मग. लांबच लांब टेबलं, त्यांवर काळी मखमल आणि त्यावर पेनं अशी निजवलेली, जणू श्वास घेतील. सगळ्यांची बोटं रंगलेली. एक जाड्या आहे, तो शाईची बाटली उघडून आधी हुंगतो, मग डोळे मिटतो. त्याची बायको बाजूला उभी राहून म्हणते, "लग्नात माझ्याकडे असं एकदा तरी बघितलं होतंत का?" एका टेबलावर नुसत्या करड्या शाया. ढगाची करडी, राखेची करडी, उंदराची करडी. मी म्हटलं, तिन्ही सारख्याच दिसतायत. विकणारा पोरगा इतका दुखावला की मी उंदराची घेतली. हे पत्र तिनंच लिहितेय. उंदराचीच आहे, खरंच.

आणि एक गंमत बघ. कुणीही पेन बघायला उचललं की चाचणीच्या कागदावर पहिल्यांदा काय लिहितो? स्वतःचं नाव. म्हातारे, पोरं, सगळे. टेबलाटेबलांवर नुसती नावंच नावं.

बाबांकडे रांग आहे. काम घेत नाहीयेत, "उद्या प्रात्यक्षिक आहे, हात राखून ठेवलाय" असं सांगतात. हात राखून ठेवलाय! तो खिशात आहे, हलू नये म्हणून. तरी लोक नुसते भेटायला येतात. एक नकाशे काढणारी बाई आली, पिवळ्या पेनाची, आठवते? म्हणाली, "मास्तर, तुम्ही जसा माझा हात ओळखलात ना, तसा माझ्या नवऱ्यानं जन्मात नाही ओळखला." सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं.

मला वाटलं ओरडावं. पण नंतर असं झालं की एक कॉलेजातला मुलगा पेन घेऊन आला, म्हणाला, "निब ओरखडते." बाबांनी त्याला दोन ओळी लिहायला लावल्या. निबेकडे बघितलंच नाही, त्याच्या मनगटाकडे बघितलं. म्हणाले, "लहानपणी डाव्या हातानं लिहायचास. मारून मुटकून उजव्यावर आणलंय. पेन आत पिळतोस." तो मुलगा पांढराफटक पडला. ताई, हे त्यांना येतं. हे खरंच येतं. संध्याकाळी लॉजवर येऊन ते तुला सांगायचे, असा धरतो, असा दाबतो, इतकं आत वळव, आणि तू घासायचीस. अर्धं त्यांचं होतं. मग पूर्ण का लागावं माणसाला? अर्धं सांगून ते लहान झाले असते का?

त्या मुलाला त्यांनी समजावलं, म्हणून मलाही आज नीट कळलं. निबेच्या अगदी टोकाला कठीण धातूचा मणी असतो, वाळूच्या कणाएवढा. घासायचा तो तेवढाच. त्याच्या मागचं सोनं मऊ. मणी संपला की निब मेली, मग वरून कितीही चमकव. "म्हणून घासताना डोळे नाही, कान ठेवायचा," बाबा म्हणाले. "मणी बोलतो. सोनं बोलत नाही." हे वाक्य तुझं आहे ना? मला वाटतंय तुझंच आहे.

जज्जसाहेब आत्ताच पेन देऊन गेले. त्यांच्या बायकोचं. ती गेली वर्षापूर्वी. काळं, बारकुडं पेन, टोपणाला दातांच्या खुणा. मी लिहून बघितलं तर ओरखडे. जज्जसाहेब म्हणाले, "असं नाही. ती असं धरायची," आणि त्यांनी मनगट मोडल्यासारखं तिरकं धरलं. मीही तसं धरलं. ताई, लोण्यासारखं चाललं. त्या एकाच कोनात. जरा सरळ केलं की पुन्हा ओरखडे. "मला तसं फार वेळ धरता येत नाही," ते म्हणाले, "संधिवात आहे. माझ्या हाताला जुळवून द्या. रोज लिहायचंय मला तिच्या पेनानं."

तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. गेलेल्या माणसाची निब घासायची नाही, त्या माणसाचा हात तिच्यात असतो. एकदा तू एका गिऱ्हाइकाला असंच परत पाठवायला लावलं होतंस आणि बाबा दोन दिवस धुसफुसत होते. आज तू नव्हतीस. बाबा म्हणाले, "उद्या बघाच तुम्ही."

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईचं काय? येतेय ना?"

मी म्हटलं, "येतेय. संध्याकाळच्या गाडीनं."

कसं सुचलं विचारू नकोस. तोंडातून गेलं. आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला, लहान मुलासारखा. "जेवायला थांबू तिच्यासाठी," म्हणाले.


रविवार, सकाळ

थांबले. काल जेवण गार झालं तरी थांबले. मी म्हटलं, गाडी चुकली असेल. ते म्हणाले, असेल.

सकाळी मी उठले तेव्हा ते अंघोळ करून, कोट घालून, खुर्चीत बसलेले. समोर काळं पेन. मला म्हणाले, "भिंगरे, तू पत्र टाकलंच नाहीस ना?"

मी केसच विंचरत राहिले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाटलं, आता आरडाओरडा होईल. आता फुटेल सगळं, मग मीही बोलेन. पण ते नुसतं म्हणाले, "बरं."

मला त्या "बरं"ची भीती वाटतेय. तरी आज होणार, ताई. त्यांना बोलावंच लागणार. दुसरा रस्ताच ठेवलेला नाही मी.


रविवार, संध्याकाळ

होता. रस्ता होता.

सभागृह भरलं होतं, लोक खिडक्यांशी उभे. व्यासपीठावर टेबल, चाक, दिवा, आणि वर मोठा पडदा, निब सगळ्यांना दिसावी म्हणून. जज्जसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर हात घेऊन. बाबांना टाळ्या पडल्या. ते बसले, भिंग लावलं, पेन उघडलं. मी व्यासपीठाच्या कडेला, पाणी घेऊन. मनात म्हणत होते, आता. बोला आता.

त्यांनी भिंग काढलं आणि बोलले.

"माझा हात थकला," म्हणाले. "तुमच्यापासून काय लपवायचं? हा बघा." आणि त्यांनी हात वर केला. हलणारा. पडद्यावर केवढा दिसत होता तो! लोकांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. मला वाटलं, जिंकले मी. तुझं नाव येणार.

"पण विद्या घरातच आहे," बाबा म्हणाले. "माझी लेक आहे. तीच पुढे चालवतेय. आज तीच दाखवेल." आणि माझ्याकडे वळून, हसून, "ये गं."

टाळ्या. केवढ्या टाळ्या. माझ्या हातातला पेला कुणीतरी घेतला.

मी नाही म्हणू शकत होते. एका शब्दाचं काम. मला येत नाही, येतं ती दुसरी आहे. हे सगळं मी महिनोन् महिने घोटून ठेवलेलं, आणि तेव्हा जिभेला काय झालं? सांगते. तू म्हणायचीस ना, मी फसवते पण खोटं लिहीत नाही. मला आवडलं. त्या टाळ्या. "माझी लेक" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, आणि तसं ते कधी बघत नाहीत. लहानपणी तुला चाकाशी बसवायचे आणि मला म्हणायचे, तू जा, खेळ. एक क्षण वाटलं, येईलही मला. बघितलंय की तुला. मनगटं टेबलाच्या कडेला टेकवायची, आठाचा आकडा काढत राहायचा, कान द्यायचा.

बसले.

मणी बोलतो, ताई. खरंच बोलतो. बारीक खर्र खर्र, मांजर घशातल्या घशात करते तसं. मी आठ काढत गेले. बाबा शेजारी उभे राहून लोकांना सांगत होते, "बघा, मनगट बघा हिचं." मी थोडी जोरात टेकवली. जज्जसाहेब पुढे झुकले. आणि मग आवाज थांबला.

चाक फिरत होतं, निब टेकलेली होती आणि आवाज नव्हता. मला कळायच्या आधी बाबांना कळलं. त्यांनी हात पुढे करून चाक बंद केलं. तेवढ्यापुरता तो हात हलला नाही, बघ.

पडद्यावर निब एवढी मोठी. टोक नव्हतं. नुसता सोन्याचा चपटा ओठ.

मग बाबांनी काय केलं असेल? ते माईकजवळ गेले आणि म्हणाले, "चूक पोरीची नाही. चूक माझी. बापाचं प्रेम आंधळं असतं. अजून तयार नव्हती ती, मी भरवसा ठेवला." डोळ्यांत पाणी होतं. खरं की खोटं, मला आता त्यांच्यातलं काहीच ओळखू येत नाही. लोक उठून उभे राहिले, ताई. त्यांच्यासाठी. ढाल मिळाली. नकाशेवाल्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिकशील हळूहळू. एवढा बाप मिळायला भाग्य लागतं."

मी सापळा लावला आणि त्यांनी मलाच त्यात बसवलं, वर पाणी पाजलं.

जज्जसाहेबांनी पेन घेतलं, कागदावर टेकवलं. कागद फाटला. त्यांनी टोपण लावलं. "असू दे," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते बाहेर पडले तेव्हा मी मागून गेले. चहाच्या टेबलाशी गाठलं. म्हटलं, "साहेब, तुमचं ते हिरवं पेन, इतकी वर्षं वापरताय, ते माझ्या मोठ्या बहिणीनं घासलंय. बाबांनी तुमचा हात ओळखला तेवढंच. सगळ्या निबा तिच्या. सभागृहातल्या सगळ्या. मला काही येत नाही. मी पहिल्यांदाच बसले." एका दमात. ज्या माणसांसमोर हे व्हायला हवं होतं ती आत ढालीबरोबर फोटो काढत होती, आणि मी बाहेर उष्ट्या कपांपाशी हे बोलत होते.

ते वळून माझ्याकडे बघू लागले. कोर्टात बघत असतील तसे. मग म्हणाले, "मग तू का बसलीस?"

बाकी काही नाही. बहीण कुठं असते नाही, बापानं असं का केलं नाही. मग तू का बसलीस. तेवढं विचारून ते निघूनही गेले.

आता लॉजवर आहे. बाबा पलीकडच्या खोलीत. ढाल कुठं ठेवावी ते ठरत नाहीये, सरकवल्याचे आवाज येतायत. येताना गाडीत माझ्याशी एकच वाक्य बोलले, "जोर फार दिलास." जणू आम्ही दोघं मिळून काही करायला गेलो होतो आणि थोडक्यात हुकलं.

मी उद्या निघतेय. कुठं ते ठरलेलं नाही, होडीवाले घेतील कदाचित. म्हाताऱ्याला कोण बघेल? तू बघ. मावशी बघेल. ढाल बघेल. आणि हो, ही सगळी पत्रं आता खरंच टाकतेय. तुला माझी कीव यावी म्हणून नाही. जज्जसाहेबांच्या बायकोचा हात त्या निबेत होता आणि तो मी पुसला, हे कुणाला तरी माहीत असावं, ज्याला त्याचा अर्थ कळतो अशाला. तुझ्याशिवाय तसं कोण आहे? तूही काही कमी नाहीस म्हणा. एक रेघ मिळाली नाही म्हणून निघून गेलीस आणि मला साधं "ये" म्हणाली नाहीस. आली असते की नाही हा प्रश्न वेगळा. विचारायला हवं होतंस.

थांब. खाली काहीतरी चाललंय. लॉजवाली बाई जिन्यातून हाका मारतेय.

ताई, जज्जसाहेब आलेत. एकटे. बाई सांगतेय की ते खालीच बसलेत, वर येत नाही म्हणाले, आणि मास्तरांना उठवू नका म्हणाले. त्यांना मास्तरांची मोठी मुलगी कुठं असते ते हवंय. तिचं नाव काय, म्हणून विचारतायत. मला उठून जायला हवं, पण बाबांचं दार आधी उघडलं. त्यांनी फक्त "जज्जसाहेब आलेत" एवढंच ऐकलंय. कोट घालून, केसांवरून हात फिरवत, ढाल काखेत घेऊन ते जिना उतरायला लागलेत.